राखणदाराचं सोंग

कुशाबा धुरीच्या तोंडाला अर्धा रंग लागला होता, तेव्हा त्याच्या नातीने, मेघनाने, सिनेमातल्या सीनची नवी पानं आणून त्याच्या आरशासमोर ठेवली. ठेवली आणि तिथेच उभी राहिली. एरवी ही मुलगी सेटवर कोणासमोर उभी राहत नाही. कानाला वॉकीटॉकी लावून नुसती धावत असते. ती थांबली म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं कुशाबाला कळलं. त्याने चष्मा लावला, पानं वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाला, "ह्यां मी करूचंय नाय."

मेघना आवाज खाली आणून म्हणाली, "आजोबा, सीन परवा आहे. आज नुसतं वाचून ठेवा. प्लीज."

कुशाबा आरशाकडे वळला. उरलेल्या अर्ध्या तोंडाला रंग लावायला घेतला, पण भुवई वाकडी आली. त्याच्या हातून भुवई वाकडी येणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

हा माणूस आधी नीट ओळखून घ्यायला हवा, नाहीतर एका सिनेमातल्या एका सीनवरून एवढं आकाशपाताळ एक करायचं कारण काय, असं कोणालाही वाटेल. कुशाबा मूळचा कुडाळ तालुक्यातला. पोरवयात लालबागला आला, गिरणीत लूमवर लागला, संप झाला, गिरणी गेली. मग काही वर्षं गावी जाऊन दशावताराच्या कंपनीत राहिला, पुढे मुंबईला परत येऊन एका ऑफिसात शिपाई झाला आणि तिथूनच रिटायर झाला. आता पंचाहत्तरीला टेकलाय. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर बायको सुभद्रा, मुलगा हितेंद्र, सून आणि ही नात यांच्याबरोबर राहतो. लिफ्टमध्ये कोणी ओळख विचारली तर गिरणीचं नाव काढत नाही, शिपाईगिरीचं तर नाहीच. "मी दशावतारातला," म्हणतो आणि मान अशी ताठ करतो, की विचारणाऱ्यालाच आपण काही चुकीचं विचारलं की काय असं वाटावं.

दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. खेळाच्या आधी आख्यान कोणतं ते सांगायचं, तू राजा, तू राक्षस, तू ऋषी असं वाटून घ्यायचं, आणि मग ज्याने त्याने उभं राहून आपल्या जिभेवर आपला माणूस पेलायचा. त्यामुळे पाठांतर हा शब्द कुशाबाला शिवीसारखा लागतो. तोंडाला रंगही ज्याचा त्याने लावायचा. सिनेमाच्या पहिल्याच दिवशी मेकअपवाला ब्रश घेऊन पुढे आला, तेव्हा कुशाबाने त्याला असं काही सुनावलं की तो बिचारा दिवसभर लांबून हात जोडत होता. हट्टी आहे, तोंडाचा फटकळ आहे आणि स्वतःच्या चेहऱ्याचा त्याला भारी अभिमान आहे. मी त्याची बाजू घेऊन सांगणार असलो तरी हे सांगून टाकलेलं बरं.

सिनेमा होता एका कादंबरीवरचा. 'पाणंदीपलीकडचं राज्य' नावाची जाडजूड कादंबरी, शिवाजी पार्कला राहणाऱ्या रामचंद्र तेंडोलकर नावाच्या वयस्क लेखकाची. कोकणातल्या एका गावातली अकरा वर्षांची चंपा, बोलताना अडखळणारी आणि धडधडीत खोटं बोलणारी, एका पाणंदीतून, दोन कुंपणांमधल्या चिंचोळ्या वाटेने, पलीकडच्या राज्यात जाते. तिथे 'विसर' नावाचं धुकं पसरत चाललंय. ते ज्याच्यावरून जातं त्याचं नाव पुसलं जातं, आणि नाव गेलं की माणूस जातो. या सगळ्यात चंपाला वाट दाखवतो तो राखणदार.

आता राखणदार म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. प्रत्येक गावाला एक असतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. गावची शीव राखत फिरतो, दिसत कोणालाच नाही, पण चपलांचा करकर आवाज येतो म्हणतात. वाट चुकलेल्याला शिवेपर्यंत आणून सोडतो आणि मागे फिरतो. त्याचा मान ठेवला नाही तर रागावतो, तेही खरं. पण त्याला कोणी भूत म्हटलं, तर कुशाबा त्या घरचा चहा अर्धा ठेवून उठतो.

त्याला कारण आहे. हितेंद्र पाच वर्षांचा असताना मे महिन्यात सगळे गावी गेले होते, आणि एका तिन्हीसांजेला पोर दिसेनासं झालं. घरामागे व्हाळ, म्हणजे ओढा, आणि त्यापलीकडे नुसतं रान. माणसं बत्त्या घेऊन धावली, विहिरीत गळ टाकले. कुशाबाने घरापुढच्या खळ्यात नारळ ठेवला, शेजारचे चार जण जमवले आणि राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं एकट्याने घालता येत नाही. एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणून होकार द्यायचा. होकाराशिवायचं गाऱ्हाणं पोचत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. त्या संध्याकाळी होकार द्यायला चार माणसं होती. थोड्या वेळाने हितेंद्र सापडला तो शिवेवरच्या धोंड्यावर बसलेला, अंगावर ओरखडासुद्धा नाही. कोणी आणलं विचारल्यावर म्हणाला, घोंगडीवाल्या आजाने हात धरून आणलं आणि इथेच बस म्हणून सांगितलं.

हितेंद्र आता पन्नाशीचा आहे, विमा कंपनीत आहे आणि त्याला यातलं काहीही आठवत नाही. "माझा मीच आलो असेन, बाबा," म्हणतो. कुशाबा त्यावर वाद घालत नाही. मुलगा समोर उभा राहून बोलतोय, एवढं त्याला पुरतं.

तर मेघनाने आजोबांना कादंबरी आणून दिली, कुशाबाने ती बाल्कनीत बसून सुभद्राला मोठ्याने वाचून दाखवली, आणि राखणदार शेवटी चंपाला शिवेवर सोडून मागे वळतो, तिथे त्याला पुढचं वाचवेना. दिग्दर्शिका संघमित्राला राखणदारासाठी नट सापडत नव्हता. मेघना तिची सहायक, मेघनाचा हा पहिलाच सिनेमा. "माझे आजोबा करतील, माझी गॅरंटी," असं तिने छातीठोकपणे सांगितलं, आणि कुशाबाचा चेहरा पाहिल्यावर संघमित्राने दुसऱ्या कोणाला बोलावलंच नाही.

आणि मग कुशाबाने ती गोष्ट केली, जी फक्त त्याच्यासारखा माणूसच करू शकतो. शूटिंगच्या पहिल्या दिवशी काळाचौकीकडच्या एका बंद गिरणीच्या शेडमध्ये, जिथे सगळा सेट लावला होता, त्याने नारळ-विडा ठेवला आणि सगळ्या युनिटला गोळा केलं. वाक्य संपलं की काय म्हणायचं ते शिकवलं. मग हात जोडून त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, बारा वाटेच्या, बारा शिवेच्या राखणदारा, आज ही तुझी लेकरां तुझा सोंग काढतत. तू जसो आसस तसोच तुका दाखवतलंव, तुझ्या नावाक बट्टो लावूचंव नाय. चुकला माकला पदरात घे, आणि ह्या पोराबाळांक सुखरूप घराक पोचव."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. लाइटवाले म्हणाले, कॅमेरावाला म्हणाला, संघमित्रासुद्धा डोळे मिटून म्हणाली. तिला ते फार आवडलं, तिने त्याचा व्हिडिओही करून घेतला. कुशाबाने मात्र स्वतःच्याच नव्हे तर पन्नास अनोळखी माणसांच्या वतीने शब्द देऊन टाकला होता, आणि शब्द पाळणं आपल्या हातात नाही हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. दशावतारात ते नेहमी त्याच्याच हातात असायचं.

सिनेमात गोष्टी बदलत होत्या हे त्याला दिसत होतं. चंपा अकराची एकोणीस वर्षांची झाली, अडखळायची थांबली आणि एका तरण्याबांड मुलाबरोबर नाचली. कुशाबा नाक मुरडून गप्प बसला. पोरं सिनेमाला नाच बघायलाच येतात, त्याला काय करणार. पुस्तकातला बोलणारा कुर्ला, म्हणजे खेकडा, खर्च फार होतो म्हणून काढून टाकला, त्याचंही त्याला वाईट वाटलं. पण नवी पानं आली आणि बदल त्याच्या दारात येऊन उभा राहिला. पुस्तकात चंपाला भाऊ नाही. सिनेमात नील नावाचा धाकटा भाऊ आला होता, तो कशासाठी आला ते आता कळलं. त्या पानांवर राखणदार नीलला उचलतो, शिवेचा धोंडा ओलांडतो आणि त्याला घेऊन विहिरीत उतरतो. उतरता उतरता म्हणायचं वाक्यही लिहिलेलं होतं, "हे पोर आता माझं. शिवेपलीकडून कोणी परत येत नाही."

ज्याने हात धरून आपलं पोर परत आणून दिलं, त्याच्याच हातून कुशाबाने पोर बुडवायचं होतं. तेही आपल्या तोंडाने, आपल्या रंगाने, आणि तसं करणार नाही असा शब्द देऊन झाल्यावर.

त्या दिवशी पॅकअप झाल्यावर तो संघमित्राकडे गेला. बाई काही वाईट नव्हती. तिने त्याला बसवलं, चहा मागवला आणि सगळं समजावून सांगितलं. पुस्तकातला शत्रू धुकं आहे. धुक्याचं भय पानावर वाटतं. पडद्यावर ते नुसतं धुकं दिसतं, माथेरानसारखं. निर्मात्यांना आतापर्यंतचं शूटिंग दाखवलं, तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, घाबरायचं कोणाला? सिनेमाला चेहरा लागतो, आणि तिच्याकडे असलेला सगळ्यात जबरदस्त चेहरा कुशाबाचाच आहे.

मग ती म्हणाली, "काका, तुमच्या जुन्या खेळांबद्दल मेघनाने मला सांगितलंय. संपाच्या वर्षी तुम्ही राक्षस झाला होतात आणि राक्षसाचा मुलगा मेल्यावर रडलात. गोष्टीत राक्षस रडत नाही. तुम्ही बदललंच ना?"

ते खरं होतं. त्या खेळाला समोर बसलेले, संपामुळे गावी परतलेले गिरणीवालेही रडले होते. कुशाबा म्हणाला, "राक्षसाला मी रडवला, मॅडम. पण मेला तो राक्षसासारखाच."

संघमित्रा यावर हसली नाही. तिने शांतपणे सांगितलं, की शेड परवा संध्याकाळी सोडायची आहे. विहिरीत पाणी सुटलं आणि कठडा कोसळला की तो सेट पुन्हा लावता येणार नाही, त्यामुळे एकच टेक मिळणार आहे. कुशाबाकाकांची इच्छा नसेल तर ती जबरदस्ती करणार नाही. त्यांच्याच उंचीचा एक माणूस आहे. त्याला तीच घोंगडी, तीच दाढी, तोच रंग लावता येईल. लांबून कोणाला कळणार आहे.

एरवी यावर कुशाबाने तिच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. त्या दिवशी तो नुसता उठला. त्याला वाटलं होतं, आपण नाही म्हटलं की गोष्ट मिटेल. आता कळलं की आपण नाही म्हटलं तरी आपला चेहरा लावून दुसरा कोणीतरी ते करणारच.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तो सकाळीच शिवाजी पार्कला तेंडोलकरांकडे गेला. लेखकाने सांगितलं तर ऐकतील, ही त्याची शेवटची आशा. तेंडोलकर नुकतेच मैदानाला चकरा मारून आले होते, घाम पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हक्क विकलेत, म्हणाले. माझं पुस्तक कपाटात आहे तिथेच आहे, त्यातलं अक्षर कोणी बदललेलं नाही. कुशाबा हटेना, तेव्हा त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला. "धुरी, तुमच्या देवाला मी तरी कुठे जसाच्या तसा ठेवलाय? तुमच्या गावचा राखणदार कोंबडा मागतो, विडी मागतो, दारू मागतो. माझा राखणदार कविता बोलतो. तेव्हा तुम्ही माझ्याशी भांडायला आला नव्हतात."

कुशाबाला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. कारण हेही खरं होतं. कवितेने त्याला गुदगुल्या झाल्या होत्या, म्हणून तो बोलला नव्हता. पण कविता बोलणाऱ्यानेही पोर शिवेवर आणून सोडलं होतं ना, एवढंच त्याला म्हणायचं होतं. ते त्याला त्या हवेशीर दिवाणखान्यात नीट मांडता आलं नाही, आणि तो नमस्कार करून निघाला. मैदानावर पोरं नेटमध्ये बॅट फिरवत होती. कट्ट्यावर बसून तो त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला, पण त्याला काही दिसत नव्हतं.

घरी तोवर रण पेटलं होतं. सुभद्राचं म्हणणं एकच, देवाला दिलेला शब्द मोडायचा नाही; उद्या पोरांना काही झालं तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं. हितेंद्र कधी नव्हे तो चिडला. एका बुजगावण्याच्या सोंगापायी माझ्या मुलीची पहिली नोकरी घालवणार आहात का, असं त्याने बापाला तोंडावर विचारलं. मेघना शब्द देऊन बसली आहे. तिच्या आजोबांनी ऐनवेळी पाय मागे घेतला, तर उद्या तिला दुसरं कोण उभं करील? मेघना मधे पडली नाही. ती खिडकीशी फोन हातात घेऊन बसली होती आणि फोन बंद होता. एकदाच म्हणाली, "आजोबा, तुम्हाला नसेल करायचं तर नका करू. मी बघेन काय ते."

हे तिने म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. हितेंद्रशी कुशाबा भांडला असता; हे वाक्य घेऊन तो अंथरुणावर पडला.

रात्रभर त्याने छताकडे बघत हिशेब लावला. नाही म्हटलं, तर मेघना तोंडघशी पडते आणि देवाची बदनामी व्हायची ती होतेच. वर ती करणारा माणूस असा कोणी असेल, ज्याला राखणदार कोण हेही ठाऊक नाही. तो विहिरीत उतरेल, टॉवेलने तोंड पुसेल आणि घरी जाईल. देवाची माफी मागायलाही तिथे कोणी नसेल. पहाटे कधीतरी कुशाबा उठून बसला आणि सुभद्राला म्हणाला, "मीच करतलंय." सुभद्राने कूस बदलली. ती जागीच होती.

त्या दिवशी त्याने रंग लावला तो असा, की मेकअपवाला आपलं काम टाकून बघत राहिला. शेडमध्ये एकही माणूस मोठ्याने बोलत नव्हता. तीन कॅमेरे, विहिरीच्या कठड्यामागे पाणी अडवून धरलेलं, छताला धुराचे पाइप. नीलचं काम करणाऱ्या मुलाच्या कमरेला घोंगडीखालून पट्टा बांधला होता, खाली पाण्यात दोन पोहणारे उभे होते. मेघना हेडफोन लावून संघमित्राच्या शेजारी बसली होती, आणि तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. आजोबांच्या मनात काय आहे हे तिलाही माहीत नव्हतं. धोंड्यापाशी थांबतील, मागे वळतील, सगळ्यांसमोर घोंगडी फेकून देतील. तिला काहीही शक्य वाटत होतं.

ॲक्शन झालं. कुशाबा धुरातून आला. चपला करकरल्या. त्याने पोराला उचलून घेतलं, आणि धोंड्यापाशी खरोखरच थांबला. पानावर थांबायचं लिहिलेलं नव्हतं. संघमित्राने मेघनाचं मनगट घट्ट धरलं. पाणीवाल्याचा हात दांड्यावर होता. कट म्हणावं तर टेक गेला, न म्हणावं तर काय होईल ठाऊक नाही.

कुशाबाच्या पायाखाली शीव होती. प्लायवूडची, रंग दिलेली, पण शीवच. त्याचे डोळे भरून आले. त्याने पोराला छातीशी आवळलं, धोंडा ओलांडला आणि विहिरीच्या पायऱ्या उतरू लागला, एकेक, सांगितल्या होत्या तशा. उतरताना त्याचे ओठ हलत होते. लिहिलेलं वाक्य तो बोलत नव्हता. "बा देवा म्हाराजा," तो म्हणत होता, "ह्यां करणां तुझा न्हय, ह्यां कुशाबाचा. दिल्लो शब्द मी मोडलंय. काय दोष आसात तो माझ्या एकट्याच्या माथ्यार घाल. ह्या पोराक आणि माझ्या पोरांक शिवेच्या आत पोचव." प्रत्येक वाक्यानंतर तो थांबत होता. होकाराला जागा सोडायची सवय होती त्याला, जन्माची. पण टेक चालू असताना कोण होकार देणार? कठडा कोसळला, पाणी फुटलं, आणि शेडमध्ये त्या पाण्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

कट झाल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. संघमित्रा धावत आली, भिजलेल्या कुशाबाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, की असे डोळे तिने उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत, लोकांची झोप उडेल. शब्द वेगळेच आलेत म्हणून आवाजवाल्याने कुरकुर केली. त्यात काय, डबिंगला एखादा भारी आवाज घेऊ, ओठ जमवून घेऊ, असं ठरलं. मेघनाने हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि बराच वेळ उठली नाही. तिने सगळं ऐकलं होतं. पण ती याबद्दल आजोबांशी बोलली नाही, आणि आजोबा कोणाशीच बोलले नाहीत.

शूटिंग संपलं, सिनेमा पुढच्या कामाला गेला, मेघनाला त्याच बाईंकडे पुढचं काम मिळालं. सगळं सुरळीत झालं असं म्हणायला हरकत नव्हती. फक्त कुशाबाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आपण गाऱ्हाणं घातलं, पण त्याला होकार मिळाला नाही; ते वाटेतच कुठेतरी लटकत राहिलंय, हे त्याच्या मनातून जाईना. पावसाळ्यात मेघनाला डेंग्यू झाला, तेव्हा तो हॉस्पिटलच्या बाकावर पाण्याचा घोटही न घेता बसून राहिला. डॉक्टर म्हणाले, शहरभर साथ आहे. ती बरी झाली. मग हितेंद्र जिन्यावरून घसरला आणि हात प्लास्टरमध्ये गेला. जिना ओला होता, हे सगळ्यांना दिसत होतं. कुशाबाला मात्र प्रत्येक वेळी सेटवरच्या विहिरीतलं ते पाणी दिसायचं. होकारासाठी सुभद्राला सांगावं, तर मोडलेल्या शब्दाचा विषय पुन्हा तिच्यापुढे काढावा लागणार. ती तर त्या पहाटेपासून मोजकंच बोलत होती. माझा एकट्याचा दोष, असं म्हटलं होतं ना, मग एकट्यानेच निस्तरू, असा त्याचा हट्ट. दशावतारात प्रत्येक सोंगाच्या तोंडी आयत्या वेळी शब्द घालणारा हा माणूस आपल्या घरात चार शब्द बोलू शकत नव्हता. मला त्याचा रागही येतो आणि मायाही वाटते.

सिनेमा लागला. दादरच्या पुलाजवळच्या होर्डिंगवर कुशाबाचा चेहरा दोन मजले उंच झाला, लाल डोळ्यांचा. इमारतीतली पोरं लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर फोटो काढू लागली आणि "राखणदार आला" म्हणून एकमेकांना घाबरवू लागली. त्या पोरांना राखणदार आता फक्त असाच माहीत होता. कुशाबा पुलाखालून जाताना मान खाली घालून जायचा.

रविवारी दुपारच्या खेळाला मेघना घरच्यांना परळच्या थिएटरात घेऊन गेली. कुशाबाने आढेवेढे घेतले, पण सुभद्रा साडी बदलून दारात उभी राहिली, मग इलाज नव्हता. एका बाजूला सुभद्रा, दुसऱ्या बाजूला हितेंद्र, पलीकडे मेघना. चंपा नाचली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. नंतर धूर आला, चपला करकरल्या, आणि थिएटर गप्प झालं.

पडद्यावरचा कुशाबा धोंड्यापाशी थांबला आणि धोंडा ओलांडून उतरू लागला. त्याचे ओठ हलले आणि भलत्याच माणसाचा खर्जातला आवाज घुमला, "हे पोर आता माझं." पुढच्या रांगेत एक लहान मुलगी आईच्या कुशीत शिरली. आणि खुर्चीत बसलेल्या कुशाबाचेही ओठ आपोआप हलू लागले. पडद्यावरच्या ओठांना खरे शब्द तोच पुरवू लागला, पुटपुटत, दोन्ही हात मांडीवर जोडून. "ह्यां करणां तुझा न्हय, ह्यां कुशाबाचा." आणि सवयीप्रमाणे थांबला.

हितेंद्रने मान वळवली. त्याने बापाकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या त्या ओठांकडे, मग पुन्हा बापाकडे. तिकडे काय बोललं गेलं होतं ते त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

"काय दोष आसात तो माझ्या एकट्याच्या माथ्यार घाल," कुशाबा म्हणाला आणि पुन्हा थांबला.

हितेंद्रने त्याच्या जोडलेल्या हातांवर आपला हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात, अजिबात न कुजबुजता म्हणाला, "होय म्हाराजा."

कुशाबा दचकला. दुसऱ्या बाजूने सुभद्राचा आवाज आला, "होय म्हाराजा." आणि तिच्यामागोमाग मेघनाचा.

पुढच्या रांगेतला एक माणूस वैतागून मागे वळला आणि त्याने गप्प बसायची खूण केली. हितेंद्रने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो बापाचा हात धरून शेवटच्या वाक्याची वाट बघत होता.